हातकणंगल्याहून वारणेपर्यंत पायी

भूमध्य समुद्रात मायोर्का नावाचे बेट आहे. ते स्पेनच्या ताब्यात असून त्याच्या वायव्य अंगाला डोंगरांची एक लांब रांग गेलेली आहे. त्या रांगेच्या कुशीत सोयेरचे खोरे आहे. संत्र्यांच्या बागा, ऑलिव्हची जुनी झाडे, दगडी घरे आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी पाऊलवाट, एवढाच तेथला थाट. तरीही युरोपातील माणसे केवळ ह्या वाटेवरून चालावे म्हणून तेथे जातात आणि परतल्यावर लिहितात की, असे शांत खोरे आम्ही पाहिले नव्हते. आम्ही ते बेट पाहिलेले नाही. कामगार संघटनेच्या कामात पासपोर्टाची गरज सहसा पडत नाही. जे काही ठाऊक आहे ते वाचनालयाच्या कृपेने.

परंतु त्या वाचनातील एक गोष्ट आमच्या ध्यानात पक्की राहिली. त्या डोंगराच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत व प्रत्येक पायरीला दगडी ताल आहे. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. दगडाला दगड बसवून तो रचलेला आहे. ह्या तालींनी माती धरून ठेवली, पावसाचे पाणी मुरविले आणि झाडे जगविली. जोडीला अरबी अमदानीपासून चालत आलेले पाटांचे जाळे आहे. २०११ साली युनेस्कोने ह्या डोंगररांगेला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते माणसाने कष्टाने घडविलेला प्रदेश म्हणून. प्रवाशाला जी शांतता निसर्गाने फुकट दिलेली वाटते, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांनी हातांनी रचलेली आहे. ताल ढासळला आणि तो पुन्हा उभा करणारे कोणी उरले नाही, की माती वाहून जाते आणि मातीपाठोपाठ झाड, झाडापाठोपाठ माणूस. म्हणून तेथील शासनाने ही तालींची विद्या तरुणांना पुन्हा शिकविण्याची सोय केली आहे.

ही गोष्ट मनात धरून आपण आपल्याच तालुक्यातील एका खोऱ्यात फिरून येऊ. खोरे वारणेचे, वाट हातकणंगल्याहून नदीपर्यंतची. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी ती मोटारसायकलीवरून शंभर वेळा ओलांडली असेल. पण वेगाने जाणाऱ्याला खोरे दिसते, कळत नाही. ते पायी चालणाऱ्यालाच कळते; आणि चालण्यापूर्वी काय पाहावयाचे हे थोडे ठरविलेले असेल, तर अधिक कळते.

निघण्यास महिना मार्गशीर्ष किंवा पौष बरा. थंडी असते, आणि गळीत हंगाम भरात असतो. आरंभ रेल्वे स्टेशनापासून करावा. मिरजेहून कोल्हापूरला जाणारी ही लाईन १८९१ साली सुरू झाली. त्या काळी कोल्हापूर संस्थानाच्या दप्तरात ह्या भागाचे नाव हातकणंगले नव्हते, ‘आळते’ होते. त्याच आळत्याकडे आपल्याला प्रथम जावयाचे आहे. गाव मागे टाकले की डोंगराची चढण लागते व रामलिंग येते.

रामलिंगाचे देऊळ गुहेतले आहे. गुहेच्या दगडांतून पाणी झिरपते. भाविक त्याला देवाची कृपा म्हणतात; त्यांच्याशी आमचा वाद नाही. पण ती कृपा कोणत्या वाटेने येते हे पाहण्यास हरकत नसावी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वर आला व थरावर थर पसरून थंड झाला. दख्खनच्या पठाराचा मोठा भाग ह्याच थरांचा बनलेला आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग पोकळ, सच्छिद्र. खालचा काळा फत्तर घट्ट. माथ्यावर पडलेले पाणी पोकळ थरातून उतरते, घट्ट फत्तरावर येऊन अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या कुशीत बाहेर पडते. माथ्यावर झाडे-गवत असेल तर पाणी मुरते. माथा बोडका झाला तर ते एका पावसात धावून जाते. म्हणजे देवावर पाण्याची धार राहावी अशी इच्छा असेल, तर अभिषेकाइतकेच माथ्यावरील गवतही राखले पाहिजे.

ह्याच रांगेवर धनगरांचा धुळोबा आहे, जैनांचे कुंथुगिरी आहे आणि पूर्वेला बाहुबलीचा डोंगर आहे. शंकर, धनगरांचे दैवत आणि तीर्थंकर एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावर शेजारी म्हणून राहतात, व त्यांच्या यात्रांना एकमेकांच्या गावची माणसे जातात. कोणी त्यावर भाषण करीत नाही. आमच्या मते शेजारधर्माची तीच खरी खूण.

माथ्यावर आल्यावर मात्र थोडे थांबावे, कारण पुढचे सारे समजावयास हीच जागा सोयीची. उत्तरेकडे तोंड केले तर समोर वारणेचे खोरे आणि नदीपलीकडे सांगली जिल्हा. दक्षिणेकडे वळले तर पंचगंगेचे खोरे. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. दोन्ही नद्या सह्याद्रीच्या, दोन्ही शेवटी कृष्णेच्या. पण मधल्या वाटेत त्यांच्या नशिबी वेगवेगळे संसार आले. पंचगंगेकाठी कोल्हापूर वाढले, पुढे इचलकरंजी वाढली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे घरोघर मागांचा खडखडाट झाला. वारणेकाठी त्या मानाने शेतीच राहिली. म्हणून दक्षिणेकडे पाहिले की धूर आणि पत्रे दिसतात, उत्तरेकडे पाहिले की हिरवे रान दिसते. आणि पाहणारा सहज म्हणून जातो, काय शांत आहे हो हे खोरे!

आता त्या शांत खोऱ्यात उतरू.

उतरताना बाहुबली लागते. तेथील अठ्ठावीस फुटी मूर्तीची प्रतिष्ठापना १९६३ साली झाली. डोंगराच्या पायथ्याशी मुलांचे गुरुकुल आहे. तेथून जवळच कुंभोज. ह्या गावात २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटलांचा जन्म झाला. पुढे १९१९ साली त्यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. मुलाने दुपारी रानात राबावे आणि सकाळ-संध्याकाळ पुस्तक वाचावे, ह्यात कमीपणा नाही, असे त्यांनी हजारो घरांना पटविले. आम्हास शाळा थोडी लाभली, बाकीचे शिक्षण पाळी सुटल्यावर झाले. त्यामुळे कुंभोजच्या वेशीवर आल्यावर आम्ही टोपी काढून पुढे जातो, एवढेच सांगतो.

कुंभोज सोडले की दोन्ही बाजूंना ऊस. माणसाहून दुप्पट उंच, वाऱ्याने सळसळणारा. मधून पाटाचे पाणी, बांधावर बगळे, कोठे तरी मोटारीची घरघर. येथे पहिला प्रश्न विचारावा: पौष महिन्यात, पाऊस जाऊन दोन-तीन महिने झाल्यावर, एवढे पाणी येते कोठून?

ते येते माणसाच्या योजनेतून. वारणेवर वर चांदोलीला धरण आहे. पावसाळ्यात साठविलेले पाणी तेथून हिवाळ्या-उन्हाळ्यात नदीत सोडतात. ह्या धरणासाठी आणि भोवतालच्या जंगलासाठी वरची गावे उठली. तेथील माणसे खालच्या अंगाला वसाहतींत येऊन राहिली व पुनर्वसनाच्या न्यायासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढीत राहिली. खालच्या रानातील पाण्याच्या प्रत्येक पाळीत त्या सोडलेल्या घरांचा वाटा आहे.

नदीत सोडलेले पाणी वाहून जाऊ नये म्हणून बंधारे असतात. ज्याला साऱ्या महाराष्ट्रात ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात तो हा. रचना साधी, पण बुद्धीची. नदीत ओळीने दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा. पावसाळा संपला की त्या खाचांत फळ्या बसवितात. त्यांना आपल्याकडे बरगे म्हणतात. बरग्यांच्या दोन ओळींत माती ठासली की नदीचे तळे होते. पुढचा पावसाळा येण्याआधी बरगे काढून घ्यावयाचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. सारी खुबी वेळेवर बरगे घालण्यात आणि वेळेवर काढण्यात आहे. घालावयास उशीर झाला तर पाणी गेले; काढावयास उशीर झाला तर पाणी रानात शिरले. नदीच्या थंडगार पाण्यात उभे राहून हे काम करणाऱ्या माणसाचे नाव बंधाऱ्यावरील उद्‌घाटनाच्या फरशीवर नसते.

नदीचे पाणी उचलून रानात नेणाऱ्या पाणीपुरवठा संस्था पुष्कळ ठिकाणी सहकारी आहेत. कोणाची पाळी कोणत्या दिवशी, किती तास, हे सभासदांनी ठरवावयाचे आणि पाटकऱ्याने सांभाळावयाचे. शेतीची वीज बऱ्याच वेळा रात्रीची असते, म्हणून थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन शेतकरी दारे धरावयास जातो. एकदा सकाळी अशाच एका डोळे तांबारलेल्या म्हाताऱ्यास आम्ही विचारले, “काय मामा, रात्रपाळी का?” ते हसून म्हणाले, “व्हय की. गिरणीतल्याला दिवसपाळी तरी बदलून मिळती. आमची पाळी लाईट ठरिवती.” रात्रपाळीचा भत्ता मागण्यात आमची हयात गेली, मामांना तो कोणाकडे मागावा हेही ठाऊक नव्हते.

पुढे चालत गेलो की उसाच्या कडेला, ओढ्याकाठी किंवा पडक्या रानात पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या झोपड्या दिसतात. बैल बांधलेले, चूल धुमसत असलेली, आणि एखादी आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी. ही ऊसतोड कामगारांची खोपटी. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ही माणसे येतात आणि पाडव्याच्या आगेमागे परत जातात. ह्या धंद्याची भाषा ऐकण्याजोगी आहे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. टोळी जमविणारा तो मुकादम. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम ती ‘उचल’. ती टनावारी तोडणीतून फेडावयाची. हंगाम संपताना ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. दोन जिवंत माणसांना एका हत्याराच्या नावाने मोजावे, ह्यातच ह्या व्यवहाराचे सारे सार आले.

हा कामगार पहाटे तीन-चारला का उठतो, हे समजण्यासाठी उसाचा स्वभाव ओळखावा लागतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात साखर साठवीत असतो. पण तोडला की ती साखर उतरू लागते. दिवसभराच्या आत तो गाळला जावा लागतो. कोल्हापूरच्या उसाचा उतारा देशात वरचा मानतात, शंभर किलो उसामागे बारा किलोच्या आसपास साखर. जमीन, हवा आणि वाण ह्यांच्याबरोबर ताजा तोडलेला ऊस वेळेवर गव्हाणीत पडणे, हेही त्याचे कारण आहे. म्हणजे त्या उताऱ्यात पहाटेच्या काळोखात मोळी बांधणाऱ्या बाईचा वाटा आहे. उताऱ्यावर शेतकऱ्याचा दर ठरतो, कारखान्याचे नाव ठरते. तिची मजुरी मात्र टनावरच ठरते, आणि तीही जोडीच्या नावाने, बहुधा नवऱ्याच्या हातात. वाढे विकून येतील ते चार पैसे तेवढे हातखर्चाला.

आमच्या यंत्रमाग कामगाराची मजुरी ‘पिकां’वर ठरते. इंचात आडवे धागे किती बसले त्याला मागावर पीक म्हणतात. रानातले पीक आणि मागावरचे पीक, शब्द एकच. आणि ते काढणाऱ्यांची स्थितीही फार वेगळी नाही. दोघांनाही कामाच्या मापाने पैसे मिळतात, वेळेच्या मापाने नाही. आजारपणाचा दिवस दोघांच्याही हिशोबात शून्य. मात्र मागवाल्याला गाव आहे, मतदार यादीत नाव आहे, संघटनेची कचेरी हाकेच्या अंतरावर आहे. ऊसतोड्याची झोपडी एका महिन्यात तीन शिवारे बदलते. संघटना बांधण्यास अवघड अशी ही माणसे. तरी त्यांनी संप करून तोडणीचे दर वाढवून घेतले आहेत. साखरशाळा निघाल्या, शासनाने गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाने त्यांच्यासाठी कल्याणकारी महामंडळ स्थापन केले. आता तोडणीयंत्रेही रानात फिरू लागली आहेत. यंत्र आले म्हणजे कष्ट जातील. कष्ट करणारा कोठे जाईल, ह्याचे उत्तर यंत्राबरोबर येत नाही. ते आपण शोधावयाचे असते.

नदी जवळ आली की एखादे रान पांढुरके, चकाकणारे दिसते. त्यात ऊस खुजा, पिवळा, नाहीतर नुसते गवत. ही क्षारपड जमीन. काळ्या जमिनीला वर्षानुवर्षे पाणी भरपूर दिले आणि निचरा ठेवला नाही, की जमिनीतील क्षार पाण्याबरोबर वर येतात. पाणी उडून जाते, क्षार राहतात. हातकणंगले आणि शिरोळ ह्या दोन्ही तालुक्यांत अशी जमीन आहे. उपाय आहे: जमिनीखाली छिद्रांच्या नळ्या घालून पाण्याला वाट करून देणे. पण एकट्याच्या रानात नळी घालून भागत नाही. तिचे पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत गेले पाहिजे. शेजाऱ्याशी अबोला असेल तर जमीन पांढरीच राहते.

आता आपण वारणेच्या काठावर आलो. पाणी संथ, पलीकडे दुसरा जिल्हा, कोणी तरी म्हशी धूत आहे. येथे बसून भाकरी खावी आणि माथ्यावरून दिसलेले दुसरे खोरे आठवावे. पंचगंगेत शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी जात राहिले. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसे दगावली. मग शहराने दुसऱ्या नदीकडे पाहिले. दानोळीहून वारणेचे पाणी न्यावे अशी योजना झाली, तेव्हा २०१८ साली वारणाकाठची माणसे रस्त्यावर उतरली. पुढे दूधगंगेवर सुळकूडची योजना निघाली, तेव्हा दूधगंगाकाठ उठला. शहरातील कामगाराच्या घरी नळाला काही दिवसांआड पाणी, आणि रानातील शेतकऱ्याला पाणी जाण्याचे भय. ज्यांनी खांद्याला खांदा लावावा, ती माणसे एकमेकांपुढे उभी राहिली. शेतकरी म्हणतो, आधी आपली नदी घाण का केली? कामगार म्हणतो, घाण मी केली नाही, पण तहान माझी आहे. दोघांचेही म्हणणे खरे, आणि म्हणूनच हा प्रश्न घोषणांनी सुटत नाही.

तो कसा सुटावा ह्याचे एक उदाहरण मायोर्का बेटासमोरच्या किनाऱ्यावर आहे. व्हॅलेन्सिया शहराच्या मोठ्या चर्चच्या दाराशी दर गुरुवारी दुपारी पाण्याचे न्यायालय भरते. न्यायाधीश वकील नसतात. निरनिराळ्या पाटांवरील शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडून दिलेले ते शेतकरी असतात. तक्रार तोंडी, बचाव तोंडी, निकाल तेथल्या तेथे, साऱ्या गावासमोर. शेकडो वर्षे हे चालत आले आहे. २००९ साली युनेस्कोने त्याचीही दखल घेतली. आपल्याकडे नेमके असेच करावे असे आमचे म्हणणे नाही. तेथे एकाच पाण्यावरचे शेतकरी आहेत. आपल्याकडे शेतकरी, शहर आणि कारखाना असे तिघे आहेत. पण तत्त्व घेण्यासारखे आहे: पाणी वापरणारे सारे एका ठिकाणी, ठरलेल्या वाराला, उघड्यावर बसले पाहिजेत. आज आपण एकमेकांना भेटतो ते मोर्चात आणि बंदोबस्तात. बरे, नदी काही दोघांचे ऐकून थांबत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली पुराने ह्या भागाला वेढा घातला, तेव्हा शेतकरी आणि कामगार शाळांच्या एकाच छपराखाली झोपले होते. संकटात जे आपोआप जमते, ते सुकाळात ठरवून का जमू नये?

तात्पर्य, खोऱ्यातील शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे. ती काम आणि करार ह्यांची बेरीज आहे. बरगे वेळेवर पडले, पाळी ठरल्याप्रमाणे मिळाली, शेजाऱ्याने नळीला वाट दिली, तोडणाऱ्याला दाम मिळाला, तर शांतता. ह्यांतील एक जरी चुकले तरी रान हिरवेच दिसेल, पण ती शांतता खरी नसेल. ती कोणी तरी गप्प बसल्यामुळे आलेली असेल. गप्प बसलेला माणूस आणि समाधानी माणूस लांबून सारखेच दिसतात. जवळ जाऊन विचारल्याखेरीज फरक कळत नाही, आणि त्यासाठीच पायी जावयाचे.

तेव्हा येत्या हिवाळ्यात ज्यांना ही वाट चालावयाची असेल त्यांनी पाण्याची बाटली, भाकरी आणि चार प्रश्न बरोबर घ्यावेत. हे पाणी कोणी अडविले? ही पाळी कोणी ठरविली? हा ऊस कोणी तोडला आणि त्याला काय मिळाले? खालच्या गावाला कसले पाणी जाते? उत्तरे देणारी माणसे वाटेवरच भेटतात. फक्त त्यांच्या कामाच्या वेळी विचारू नये, न्याहारीच्या वेळी विचारावे. निघावयाचे पहाटे, आणि परतीची बस कुंभोजहून पकडावयाची.